मोतमावलीच्या वाटेवर बंगले कसे आले? (वांद्र्याबद्दल गप्पा)

अनुराधा_दादर (धागाकर्ती)

गेल्या रविवारी आईकडे माळा साफ करताना जुन्या ट्रंकेत मेणाचा पाय सापडला. वीतभर लांब, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, जुन्या तुपासारखा पिवळा आणि पोटरीपाशी चक्क वाकलेला. आई म्हणाली, "अगं, तो आजीचा." आजीचे गुडघे धरायचे, म्हणून शेजारणीने मोतमावलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, जत्रेच्या आदल्या दिवशी वांद्र्याहून तिला तो वाहायला आणून दिला होता. आजीने धक्का लागू नये म्हणून फडताळाच्या वरच्या खणात ठेवला. खाली स्टोव्ह. रात्रीची भाकरी होईपर्यंत पायाने मान टाकली. "वाकडा पाय वाहिला तर मावली वाकडाच देईल," असं म्हणून आजीने दुसऱ्या दिवशी डोंगरावर सरळ पाय विकत घेऊन वाहिला आणि हा ट्रंकेत गेला. टाकवेना म्हणे. (गुडघे शेवटपर्यंत दुखत होते, ते वेगळं.)

आमचं घर दादरचं, गौरी-गणपतीवालं. तरी सप्टेंबरात मोतमावलीला जायचंच. आईला त्या दिवसाबद्दल विचारलं तर ती एका दमात सांगते: मेणबत्ती लावली, पायऱ्या उतरून समुद्रावर गेलो, खडकावर बसून चणे खाल्ले, बाबांनी विजार दुमडून पाण्यात उभं राहायला शिकवलं, आठच्या लोकलने परत. नवस कुठे संपला आणि सहल कुठे सुरू झाली, तिला सांगता येत नाही. तेव्हापासून डोक्यात आहे की वांद्रे हे मुंबईकरांचं हवा खायचं गाव झालं ते नुसत्या समुद्रामुळे नाही. समुद्र काय, वरळीलाही होता. इथे लोकांना यायला आधीपासून एक कारण होतं.

जमेल तसं वाचून जुळवलं ते टाकते. चुकलं तर कान धरा.

२३ डिसेंबर १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि तिच्याबरोबर साष्टी (वांद्रे ते ठाणं हा पट्टा) आणि मुंबईची बेटंही गेली. मागोमाग पाद्री आले. वांद्र्यात जेझुइटांनी बस्तान बसवलं, कोळी-कुणब्यांचे बाप्तिस्मे केले, १५७५ मध्ये सेंट अँड्र्यूजचं चर्च उभारलं. हिल रोडच्या समुद्राकडच्या टोकाला आजही तेच. १६४० मध्ये भूशिराच्या टोकावर किल्ला बांधला, कास्तेला द अग्वाद. अग्वाद म्हणजे पाणी भरायची जागा. खाली गोड्या पाण्याचा झरा होता, गलबतं तिथे पिंपं भरून घेत. किल्ल्याच्या वरच्या डोंगरावर मेरीचं लहानसं प्रार्थनाघर होतं. पोर्तुगीजांचा 'मोंत', म्हणजे डोंगर, आपल्या जिभेवर मोत झाला, आणि मावली तर आपलीच.

मला सगळ्यात मजा वाटली ती पुढच्या भागाची. १६६१ च्या लग्नाच्या करारात (इंग्लंडचा राजा, पोर्तुगालची राजकन्या) मुंबई इंग्रजांना आंदण गेली, १६६५ ला प्रत्यक्ष ताबा मिळाला. वांद्रे मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं. म्हणजे माहीमची खाडी ही दोन राज्यांची सरहद्द! सिग्नलला आपण जिथे रोज गाडीत कुजत असतो, तिथे पलीकडच्या काठावर पोर्तुगीज जकात घेत बसलेले. आपण अजूनही 'वांद्र्याला गेलो होतो' असं परगावी जाऊन आल्यासारखं म्हणतो, ते उगाच नसावं.

ज्यांची घरं तिथे होती, आहेत, त्यांनी कृपया लिहा.

बोरिवलीचा_बोका

वाखूसा (वाचनखूण साठवली). आजीचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे. पुढील लेखनाला शुभेच्छा.

चिंबईकर

ताई, छान लिहिलंय, पण कोळ्यांना एका ओळीत बाप्तिस्मा देऊन मोकळ्या झालात.

आमच्याकडची गोष्ट अशी. मूर्ती हरवली होती. एका कोळ्याला स्वप्न पडलं, मावली म्हणाली मी दर्यात आहे, येऊन ने. तो होडी घेऊन गेला आणि ती सापडली. माझी आजी हे सांगताना शेवटी हमखास म्हणायची, "जाल्यान मावरा नाय, मावली गावली." मग हात जोडायची, आणि लगेच म्हातारा कुठे बसलाय म्हणून आजोबांना शिव्या.

चर्च कोणी बांधलं, पैसा कोणाचा, ते असेल तुमच्या पुस्तकात. पण तिला वर नेली ती आम्ही. त्यामुळे जत्रेत आम्हाला पाहुण्यासारखं वाटत नाही. आता उलट झालंय. किनाऱ्यावर नव्या इमारती झाल्या, त्यांतल्या लोकांना दर्या दिसायला हवा असतो, पण वलांडीवर बोंबील सुकत घातले की वासाची तक्रार. हवा खायला आलात ना, मग ही हवा आहे!

खाडीअलीकडचा

मी माहीमचा. चिंबईकरांची गोष्ट लहानपणापासून ऐकतोय आणि ती मला मनापासून आवडते. पण आमच्या खाडीच्या बाजूला दुसरी गोष्ट आहे. १७३९ च्या धामधुमीत डोंगरावरचं देऊळ गेलं तेव्हा मावली आमच्या माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये मुक्कामाला होती आणि १७६१ मध्ये वाजतगाजत परत गेली. वीस-बावीस वर्षं माहेरपण केलं म्हणा ना.

त्याच्या आधीचीही एक आहे. साधारण १७०० च्या सुमाराला अरब चाच्यांनी डोंगरावर छापा घातला, मूर्तीच्या हातातली सोनेरी वस्तू सोन्याचीच समजून उजवा हातच तोडला. देऊळ पेटवणार तेवढ्यात मधमाश्यांचं मोहोळ उठलं आणि सगळे पळत सुटले. श्रद्धा असो नसो, मधमाश्यांचा भाग मला खरा वाटतो. त्या डोंगरावर अजून पोळी असतात.

आणि धर्माचंच बोलायचं तर वांद्रे एकटं नाही. खाडीच्या अलीकडे मखदूम अली माहिमींचा दर्गा, ते वारले १४३१ मध्ये, म्हणजे पोर्तुगीज यायच्या शंभर वर्षं आधी. उरुसात पोलिसांची चादर निघते. बुधवारी सेंट मायकलला नोव्हेनाच्या प्रार्थनेची गर्दी. बुधवारी संध्याकाळी माहीमला टॅक्सी मिळाली तर तोच चमत्कार.

तोफखाना

"१७३९ च्या धामधुमीत देऊळ गेलं" हे फार गुळमुळीत झालं, काका. 'मराठ्यांनी चर्च पाडलं' असं सर्रास लिहिलेलं असतं. जरा थांबा. मराठे ठाणं घेऊन साष्टीत उतरले १७३७ ला. मुंबईतल्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला, कारण वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडला असता तर माहीम थेट तोफेच्या टप्प्यात. म्हणून किल्ला उडवा, आसरा देणारं काही उभं ठेवू नका, हा सल्ला इंग्रजांचा. किल्ला उद्ध्वस्त झाला तो असा, चढाई होऊन नव्हे. डोंगरावरचं देऊळ त्याच्याच डोक्यावर. पुढे मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि साष्टीतलं पोर्तुगीज राज्य संपलं.

सेंट अँड्र्यूज मात्र उभं राहिलं, हे लक्षात घ्या.

अर्थात आपण काही नेलंच नाही असंही नाही. वसईच्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत टांगल्या आहेत. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. मेणवलीची घंटा मी हाताने वाजवून आलोय. आवाज असा की नदीपलीकडची म्हैस मान वर करून बघते.

खाडीअलीकडचा

@तोफखाना, मान्य. 'गेलं' म्हटलं कारण आमच्या घरात 'पाडलं' म्हटलं की पुढचा तासभर जेवण थंड होतं. बायको वसईची आहे.

हिलरोड_जुना

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने टंकायचं म्हणजे वेळ लागतो, सांभाळून घ्या. बंगले कसे आले याचं उत्तर एका शब्दात: कॉजवे (माहीमच्या खाडीवरचा रस्ता).

१७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं आणि साष्टी मराठ्यांकडून घेतली, सालबाईच्या तहाने ती पक्की झाली. आता खाडीच्या दोन्ही काठांवर राज्य एकच, तरी पुढची साठ-सत्तर वर्षं पलीकडे जायचं ते होडीनेच. पावसाळ्यात होड्या उलटायच्या. सरकार म्हणे पैसे नाहीत. शेवटी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी पदरचे १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. अट एकच, कोणाकडून टोल घ्यायचा नाही. (आजच्या सी लिंकवर टोल भरताना मी दर वेळी अवाबाईंना नमस्कार करतो.) बाईंचा मोतमावलीला नवस होता आणि तो फेडायला त्यांनी हा रस्ता बांधला, असं वांद्र्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पारशी बाईने ख्रिस्ती मावलीला केलेला नवस, आणि त्यावरून आज सगळी मुंबई हॉर्न वाजवत जाते.

त्या काळचा कोट, म्हणजे आजचा फोर्ट, कसा होता माहीत आहे ना? दाट घरं, उघडी गटारं. पैसेवाल्यांना मोकळी हवा हवी होती. कॉजवे झाल्यावर घोडागाडी थेट डोंगराच्या पायथ्याशी. मग रेल्वे आली. १८६७ ला विरारहून बॅकबेला पहिली रोजची गाडी सुरू झाली, तिच्या थांब्यांत वांद्रे होतं. आधी लोक जत्रेपुरते यायचे, मग उन्हाळ्यापुरते, मग बंगलेच बांधून राहिले. डोंगराच्या उतारावर आणि समुद्राकडेने पारशांचे मोठमोठे व्हरांडेवाले बंगले झाले. हिल रोडवर टाटांची अग्यारी आली. संध्याकाळी समुद्राकाठी बॅन्ड वाजायचा, त्या जागेला बॅन्डस्टॅन्ड नाव पडलं. आता जे तिथे जातात त्यांना बॅन्ड कुठे म्हणून विचारा, फोन काढून 'मन्नत' दाखवतील.

हे सगळं पश्चिमेचं. स्टेशनच्या पलीकडे कत्तलखाना होता, तो १९७१ ला देवनारला गेला. वारा फिरला की आमच्या वर्गात अर्धी मुलं नाकाला रुमाल लावून बसायची. हवा खायच्या गावाची ही दुसरी हवा. ती कुठल्या चित्रात दिसत नाही.

मग १८९६ चा प्लेग. मुंबईतून लोक पळून उपनगरात यायला लागले, आणि त्यांच्या मागे रोगही आला. तेव्हा पाखाड्यांतल्या (जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतल्या) लोकांनी चौकाचौकात क्रूस उभे केले, रोग इथून पुढे येऊ नकोस म्हणून. अजून आहेत. गल्लीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीला टेकून, एखाद्या स्कूटरच्या आड. खाली साल कोरलेलं असतं, त्यावर चुना थापून थापून आता बोटानेच वाचावं लागतं. मी वाचलेत.

आजचं मोतमावलीचं देऊळ त्यानंतरचं, १९०४ चं. खर्च १ लाख, वास्तुविशारद शापूरजी चांदाभॉय. म्हणजे इथेही पारशीच. १९५४ मध्ये त्याला बॅसिलिकाचा मान मिळाला.

प्राजक्त_फुले

काका, "बोटानेच वाचावं लागतं" वर थांबले. रणवारमधला क्रूस शेकडो वेळा ओलांडलाय, कधी खाली बघितलं नाही.

अवांतर: रणवार, चुईम, पाली, शेर्ली, कांतवाडी ही नावं म्हणजे मूळ गावं, हे मला नोकरी लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. मला वाटायचं बिल्डरने दिलेली नावं.

जर्सीकर_विन्या

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळ पार्ल्याचा, सध्या न्यू जर्सीत. इथे किनाऱ्यावर ओशन ग्रोव्ह म्हणून चिमुकलं गाव आहे. १८६९ मध्ये मेथडिस्ट पाद्र्यांनी उन्हाळी प्रार्थनाशिबिरासाठी वसवलं. लोक तंबू ठोकून राहायचे, सकाळ-संध्याकाळ प्रवचन, मध्ये समुद्रस्नान. त्यातले शंभराहून जास्त तंबू अजून आहेत! मागे लाकडी खोली, पुढे कनातीचा व्हरांडा, त्यात फुलांच्या कुंड्या. दर उन्हाळ्यात तीच तीच कुटुंबं येतात, तंबू मिळायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. आपल्या आळंदीच्या फडांची आठवण झाली, खोटं कशाला सांगू. मधोमध १८९४ चं अवाढव्य लाकडी सभागृह आहे, हजारो माणसं बसतात. जमीन अजूनही त्या धर्मसंस्थेचीच. घर तुमचं, पण खालची जागा भाडेपट्ट्याने. दारूविक्री नाही. आणि रविवारी गावात गाडी चालवायचीच नाही, रस्त्यांना साखळ्या लावायचे. १९७९ मध्ये कोर्टाने धर्मसंस्थेच्या हातातला कारभार काढून घेतला, तेव्हा ते संपलं.

शेजारी ॲसबरी पार्क. मध्ये एक अरुंद तळं, वेस्ली लेक, चालत पुलावरून ओलांडता येतं. ते १८७१ ला ब्रॅडली नावाच्या ब्रशच्या कारखानदाराने वसवलं. नाव मेथडिस्ट बिशपचंच दिलं आणि ब्रॅडली स्वतःही कडक सोवळा. पण गाव त्याचं ऐकेना. हॉटेलं, लाकडी बोर्डवॉक, पाळणे, पुढे रॉक संगीत. १९७० च्या दंगलीनंतर बराच काळ ओसाड पडलं होतं, आता पुन्हा उठलंय.

वांद्र्याशी ताडून बघितलं तर गंमत वाटते. तिथे देव आणि करमणूक यांच्यामध्ये तळं घातलं. आपल्याकडे दोघं एकाच डोंगराच्या पायऱ्यांवर.

अनुराधा_दादर (धागाकर्ती)

विन्या, तंबूंचे फोटो टाक ना. पण मला वाटतं फरक तळ्याचा नाही. तिकडे पाद्र्यांनी गाव आखलं आणि नियम केले. वांद्र्यात पाद्री आले तेव्हा गाव होतंच. कोळी होते, भातशेती होती. मावली त्यांच्यात येऊन राहिली. म्हणून तिच्या जत्रेत आमच्या आजीला कोणी विचारलं नाही की बाई, तुम्ही इथे कशा.

पाखाडीची_पोर

मी ईस्ट इंडियन. वांद्र्याची, आता नाइलाजाने वसईत. दोन गोष्टी सांगायच्याच आहेत.

पहिली, आम्ही गोव्याहून आलेलो नाही. कॉलेजात, ऑफिसात, सासरच्या लग्नात, सगळीकडे "तुम्ही गोव्यात कुठच्या?" अहो, इथल्याच! आमची बोली मराठी आहे. 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ चं, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षी संघटना काढली तेव्हाचं. गोव्या-मंगळुराहून ख्रिस्ती लोक नोकरीला येत होते, त्यांच्यात आपण वेगळे दिसावं म्हणून कंपनीच्या नावावरून घेतलं. नाव इंग्रजी पडलं आणि तेव्हापासून आम्ही स्वतःच्या गावात परके. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही बॅन्ड लावून विहिरीवर उंबराचं पाणी आणायला जातो. आजीचं लुगडं बघितलं असतंत तर तुम्ही तिला जोशीकाकूच म्हणाला असता, गळ्यातला क्रूस दिसेपर्यंत.

दुसरी, जत्रा. ८ सप्टेंबर हा मावलीचा वाढदिवस, त्याच्या पुढच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. तुम्हाला ती गर्दी, आम्हाला ती दिवाळी. एप्रिल-मेमध्ये कुटलेला बाटलीचा मसाला या दिवसांत निम्मा संपतो, एवढे पाहुणे. आणि मेणाच्या वस्तू आता बघायला या. हात-पाय-बाळ तर आहेतच, पण घर, गाडी, विमान, पासपोर्टसुद्धा. माझ्या चुलतभावाने मेणाचं विमान वाहिलं, कॅनडाला गेला. मी मेणाचं घर वाहिलं, वांद्र्यात एक खोली दे म्हणून. मावलीने वसई दिली. बहुतेक पिनकोड लिहायला हवा होता.

पाखाडीतलं आमचं घर कौलारू होतं, बाहेर लाकडी जिना. शेतं तर त्याच्या खूप आधी गेली. शेताच्या जागी कॉलन्या झाल्या, १९१८ ला साल्सेट कॅथलिक सोसायटी निघाली तेव्हापासून प्लॉट पडत गेले. त्यात आमचे काही लोक सुधारले, काही हातचं घालवून बसले. आमचे दुसऱ्या प्रकारातले.

तोफखाना

@पाखाडीची_पोर, पिनकोड. साष्टांग.

बोरिवलीचा_बोका

सी रॉकबद्दल कोणीच कसं लिहीत नाही? किल्ल्याजवळ खडकांत उभं असलेलं हॉटेल. आमच्या एका नातेवाइकांच्या लग्नाचा स्वागतसमारंभ तिथे होता, मी नऊ वर्षांचा. खिडकीतून खाली नुसतं पाणी दिसत होतं, मला वाटलं जहाज आहे. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत तिथे बॉम्ब फुटला, नंतर ते उघडलंच नाही. कितीतरी वर्षं रिकामा सांगाडा समुद्राकडे बघत उभा होता, मग पाडला. आता तिथून सी लिंक दिसतो.

हिलरोड_जुना

बोका, चांगली आठवण काढलीस. ३० जून २००९ ला सी लिंक सुरू झाला त्या रात्री मी नातवाला घेऊन रेक्लमेशनला उभा होतो. तो म्हणाला, आजोबा, आता माहीमला कोण जाणार? अजून रोज सगळे जातात.

बरं, एक विचारतो. सेंट अँड्र्यूजच्या आवारातला मोठा क्रूस किती जणांनी नीट बघितलाय? एकसंध दगडाचा, १७ फूट उंच, अंगावर येशूच्या छळाची सगळी चिन्हं कोरलेली. तो आधी जेझुइटांच्या सेंट ॲनच्या मठात होता. मठ गेला, क्रूस राहिला. पावसाळा सरला की एका रविवारी कट्टा करूया का? क्रूस, मग चिंबई, मग पायऱ्या चढून मावली, मग किल्ला. चढण माझ्या बेताने.

चिंबईकर

या. चिंबईत चहा माझ्याकडे. सुकत घातलेलं दिसलं तर नाक धरायचं नाही, एवढीच अट.

प्राजक्त_फुले

मी येणार. रणवारमार्गे गेलो तर खाली बघत चालेन.

पाखाडीची_पोर

वसईहून पहिली फास्ट पकडून येते. मेणाचं घर पुन्हा वाहणार आहे, यंदा पत्त्यासकट.

अनुराधा_दादर (धागाकर्ती)

ठरलं तर. आईला सांगितलं, ती म्हणते मी पण येणार, आणि आजीचा पाय घेऊनच येणार. "इतकी वर्षं वाकडा का होईना, राहिला ना," म्हणे. मी म्हटलं, मावली वाकडा देईल त्याचं काय? आई म्हणाली, माझे गुडघे आधीच वाकलेत, अजून काय वाकडं होणार.

ऑक्टोबरच्या उन्हात मेण दादरहून वांद्र्यापर्यंत न्यायचं आहे. पिशवीत बर्फ ठेवू की ओल्या फडक्यात गुंडाळू? अनुभवींनी सांगा.

चिंबईकर

बर्फच. थर्माकोलचा डबा माझ्याकडे आहे, पापलेटचा. धुऊन देतो.